रूपाचा न सुटलेला नारळ

सुपडूभाऊंनी आयुष्यात एकाही माणसाला कामावरून काढलेलं नाही, आणि तरी ते दरवर्षी सगळ्यांना काढतात. हे ऐकून कोणीही गोंधळेल. त्यांच्या शेजारी जन्म गेला तरी मीही गोंधळतोच. मला लिहायची सवय नाही, म्हणून जसं घडलं तसंच सांगतो. कुठे चुकलं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

नरडाण्याच्या बाहेर, शिंदखेड्याच्या रस्त्याला भाऊंचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, वखर, नांगराचे फाळ असली कामं तिथे चालतात. भाऊंचे वडील सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर एकाच शेतकऱ्याकडे राबायचे. आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं. त्या दिवशी मालक नारळ देतो, कपडा देतो आणि माणूस मोकळा होतो. पुन्हा राहायचं की नाही ते त्याने ठरवायचं. एका वर्षी वडिलांच्या मालकाने नारळ दिला आणि पुढच्याच आठवड्यात "मी तुला सोडलंच कुठे?" म्हणून त्यांना बळजबरीने शेतावर नेलं. भाऊ तेव्हा लहान होते, पण ते वाक्य त्यांच्या मनातून गेलं नाही.

म्हणून वर्कशॉपमध्येही आखाजीची रीत. सकाळी मशिनी बंद. प्रत्येकाला शेंडीचा नारळ आणि कपडा. नारळ घरच्या उंबऱ्याच्या आत गेला की माणूस सुटला. दोन दिवसांनी सगळे परत येतात, भाऊ सगळ्यांना नव्याने ठेवतात. चार माणसांच्या वर्कशॉपला एवढा सोहळा कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा विचारलं नाही.

आता रूपाचं सांगतो. रूपा ही आमच्या गल्लीतली सून. नवरा नवल ट्रकवर असतो. लग्नाआधी ती आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकली होती. औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना बायकांना वेल्डर म्हणून घेत होता, पण त्यांना वर्षभराच्या शिकाऊ उमेदवारीचं प्रमाणपत्र हवं होतं. सासूने उमेदवारी सुरू होईल तेव्हापासून एका वर्षाची मुदत दिली. वर्षात कागद आला तर नोकरीला जा, नाहीतर घरचं काम बघ.

मी आयटीआयच्या भांडारातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे अशा योजना थोड्या कानावर असतात. भाऊंना वेल्डर मिळत नव्हता आणि रूपाला वर्कशॉप मिळत नव्हतं. मी भाऊंना म्हटलं, तिला शिकाऊ म्हणून घ्या. विद्यावेतनाचा काही भाग सरकार थेट तिच्या खात्यात भरतं, उरलेलं तुम्ही द्या. तुमच्यासारख्या छोट्या मालकांना हातभार लागावा म्हणूनच ही योजना आहे.

हातभार राहिला बाजूला, ताप माझ्याच डोक्याला झाला. भाऊंचा पहिला प्रश्न असा की, माझ्या माणसांना सरकारने पैसे का द्यावेत? मग ती माणसं कोणाची, माझी की सरकारची? ते समजावण्यात एक संध्याकाळ गेली. नोंदणीसाठी कामगारांची नावं लागली, तर म्हणाले त्यातले दोघे भाचे आहेत, त्यांना कामगार कसं म्हणू? ओटीपी यायचा तो भिकुबाईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, मोबाइलवर, आणि त्या शेतात. त्या आकडे वाचून दाखवायच्या तोवर ओटीपीची वेळ संपायची. संगणक केंद्रातला स्वप्नील शांत स्वभावाचा म्हणून निभावलं. दिवाळीनंतर एकदाचा करार झाला. रूपाने हेल्मेट घातलं आणि ट्रॉलीच्या चौकटीला पहिला टाका मारला. भाऊंनी तो हातोडीने ठोकून पाहिला आणि पुढची चौकट तिच्यापुढे सरकवली. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप.

पुढे आखाजी आली. भाऊंनी रीतीप्रमाणे सगळ्यांना नारळ दिला, रूपालाही. तिची पारोळ्याकडे माहेरी जायची गाडी निघत होती, ती पळाली. तेवढ्यावर थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण भाऊ तडक स्वप्नीलकडे गेले आणि म्हणाले, सगळ्यांना मोकळं केलं, रूपालाही तुझ्या त्या संगणकात मोकळं कर. त्याने विचारलं, नक्की? भाऊ म्हणाले, आखाजीला कोणाला बांधून ठेवायचं नसतं. भिकुबाई त्या दिवशी सणासाठी घरीच होत्या. एरवी न सापडणारा ओटीपी पहिल्या फटक्यात सापडला.

रूपा माहेरून परतली, कामाला लागली. भाऊंच्या मते तिला नव्याने ठेवलं होतं. महिना संपल्यावर स्वप्नीलकडे तिची हजेरी भरायला गेलो तर तिचं नावच नव्हतं. करार संपुष्टात, असं लिहून आलं होतं. स्वप्नीलने तेव्हा मला आखाजीच्या दिवशीचं सगळं सांगितलं.

भाऊ, रूपा आणि मी धुळ्याला शिकाऊ उमेदवारीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या सारिका मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, नवा करार केला तर वर्ष पहिल्यापासून मोजलं जाईल. रूपाचा चेहरा उतरला. सासूची मुदत कोण वाढवणार? मॅडम पुढे म्हणाल्या, एक मार्ग आहे. मालकाने अर्ज द्यावा की तिला सोडलेलंच नाही, नोंद चुकून झाली. मी तो वर पाठवते.

मला वाटलं, सुटलो. बाहेर झाडाखाली अर्ज लिहिला, पेन भाऊंच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं आणि पेन परत केलं.

"खोटं लिखसू नही, नाना."

मी म्हणालो, भाऊ, एका ओळीचा प्रश्न आहे.

"मी तिले सोडी दिधं. आते सोडंच नही आसं लिखसू, तर मना बापना मालकमा नि मनामा काय फरक ऱ्हायना?"

मला राग आला. त्यांचं चूक होतं असंही म्हणता येत नव्हतं, म्हणून जास्तच आला. परतीच्या एसटीतून वर्कशॉपला उतरलो तेव्हा मी शेवटचं सांगून पाहिलं की, तुमच्या वडिलांना राहायचं नव्हतं, हिला राहायचंय. भाऊ म्हणाले, सोडलं ते सोडलं.

रूपा आत गेली. ग्राइंडरवरच्या फळीवर, वेल्डिंगच्या कांड्यांच्या डब्यामागे हात घातला आणि धुळीने माखलेला नारळ बाहेर काढला. गाडी चुकेल म्हणून आखाजीला तो तिथेच ठेवून ती पळाली होती. तो भाऊंपुढे धरून ती म्हणाली,

"आबा, मना नारय आठेच शे. मी घर लई गऊच नही. मंग मी सुटनू कशी?"

भाऊंनी नारळ हातात घेतला. फिरवून पाहिला. कानाशी हलवला. मी काही बोलणार होतो, पण रूपाने डोळ्यांनीच गप्प केलं.

"नही सुटनी," भाऊ म्हणाले. "पेन लय, नाना."

पण माझा अर्ज त्यांना चालेना. चुकून हा शब्द नको, खरं कारण लिहा. तेव्हा असं लिहिलं: 'शिकाऊ उमेदवार रूपा हिने आखाजीचा नारळ घरी नेला नसल्याने तिची सुटका झालेली नाही, सबब करार चालू समजावा.' खाली सही. सरकारी कार्यालयात असा कागद द्यायचा म्हणजे मला घाम फुटला. सारिका मॅडमनी तो दोनदा वाचला, तोंडावर रुमाल धरला आणि म्हणाल्या, माझे वडील साक्रीकडे सालदार ठेवायचे. मग शेरा मारून कागद वर पाठवला. पुढे कित्येक खेपा झाल्या, त्या लिहीत नाही, पुन्हा डोकं दुखेल. पावसाळा सरता सरता रूपाचं नाव जुन्या तारखेनिशी परत दिसू लागलं.

दिवाळीनंतर वर्ष पूर्ण झालं. परीक्षा झाली, प्रमाणपत्र आलं. रूपा ते घेऊन कारखान्यात जायला निघाली, तर भाऊंनी अडवलं. नारळ घरी न्यायचा राहिलाय म्हणाले. मी म्हटलं, भाऊ, तो वाळून गेला असेल, निदान नवा आणतो. तर म्हणे नवा कसा चालेल, साल त्या नारळाचं होतं.

तिने तो पिशवीत टाकला आणि घरी नेला. सासूने फोडला तेव्हा आत पाणी नव्हतं, सुक्या खोबऱ्याचा अख्खा गोटा निघाला होता. त्या रात्री तिच्या घरून आमच्याकडे वाटीभर खोबऱ्याची चटणी आली. चांगली होती.

भाऊंना दुसरा शिकाऊ हवा आहे. करार आखाजीलाच करायचा, म्हणजे नारळ आणि कागद एकाच दिवशी सुटतील, असं त्यांनी मला बजावलं आहे. मी हो म्हटलेलं नाही.