तालमीच्या पायरीवरची रत्नाक्का

रत्नाक्काच्या पिशवीत कायम एक जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, ताट असायचं. बाजाराला गेली तरी ताट, दवाखान्यात गेली तरी ताट. मी पहिल्यांदा तिला बघितलं तेव्हा ती ते ताट पुढ्यात घेऊन आमच्या म्हाताऱ्यांच्या पंगतीत बसली होती, आणि मी तिला ओळखत नव्हते.

तेव्हा मी आमच्या पेठेतल्या सेवा समितीचं स्वयंपाकघर चालवत होते. कोल्हापुरातल्या या पेठेत ज्यांचं करणारं कोणी नाही अशा म्हाताऱ्यांना समिती दुपारचं एक जेवण द्यायची. त्याशिवाय एक पाळणाघर आणि एक शिवणवर्ग होता. पैसा थोडा सरकारी कार्यालयातून यायचा, थोडा दुकानदार द्यायचे. कुठल्या कामाला किती द्यायचं, काय चालू ठेवायचं आणि काय बंद करायचं, हे समितीचे आठ पुरुष तालमीत बसून ठरवायचे. नव्वद सालाच्या पुढची ही गोष्ट.

मी विचारलं, "मावशी, तुमचं नाव यादीत हाय का?"

"यादी तुमची, भूक माझी. वाढा."

ती वस्तीच्या टोकाच्या बौद्ध घरांतली, हे कोणीतरी माझ्या कानात सांगितलं. मी तिला सगळ्यांच्या शेवटी वाढलं. आता लपवून काय करायचं, वाढलं तसं. दुसऱ्या दिवशी ती लवकर आली आणि पहिल्या जागेवर बसली.

जेवण झाल्यावर तिने मला बाजूला घेतलं. "इंदे, ह्यातल्या किती जणांना दात हायत?"

मी दोन वर्षं त्या लोकांना ज्वारीची भाकरी वाढत होते. ते अर्धी भाकरी पदरात, धोतरात बांधून न्यायचे, आणि मी मनात म्हणायचे, किती हावरी आहेत ही माणसं. ते घरी नेऊन पाण्यात भिजवून खात होते. चौथी शिकलेली असले तरी मला डोळे होते की. पण मी भाकऱ्या किती लागल्या ते बघत होते, तोंडं बघत नव्हते. त्या दिवसापासून मी आमटीत भाकरी कुस्करून वाढू लागले.

ताट घेऊन बसलेली ही बाई समितीची नवी सभासद आहे, हे मला आठवड्याने कळलं. ती सरकारी दवाखान्यात आया होती आणि नुकतीच निवृत्त झाली होती. कार्यालयाचा नवा नियम आला होता, की समितीत एक बाई पाहिजे आणि ठरावावर तिची सही पाहिजे. चेअरमन दत्तूअण्णांनी विचार केला, बाई पण झाली आणि बौद्ध पण झाली, एका नावात दोन्ही कामं. एकटी विधवा बाई, कशाला बोलेल? रजिस्टर घरी पाठवू, सही आणू.

रजिस्टर घेऊन सेक्रेटरी तिच्या घरी गेला. तिने त्याला चहा दिला आणि रजिस्टर परत दिलं.

"मी न ऐकलेल्यावर सही करत न्हाई."

"आक्का, सभा तालमीत असती. तालमीत बायका येत न्हाईत."

"मग तुमी बाहेर या."

आमच्याकडे तालमीत बाई पाऊल टाकत नाही. आत लाल मातीचा आखाडा, मारुतीची मूर्ती, आणि सभेची खोली आखाड्याच्या पलीकडे. आठ पुरुषांनी बाई निवडली, पण ती सभेला येणार कुठून, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. रत्नाक्काने वाद घातला नाही. पुढच्या रविवारी ती तालमीच्या दारात पायरीवर पोतं टाकून बसली. आत सभा, बाहेर ती. सेक्रेटरी आतून यायचा, विषय सांगायचा, तिचा प्रश्न घेऊन आत जायचा. तिचा प्रश्न दर वेळी एकच असायचा. "आज पंगतीला कोण आलं न्हाई?"

आतल्या कागदावर किती आले एवढंच असायचं. कोण आलं नाही हे कुठेच लिहिलेलं नसायचं. सेक्रेटरी वैतागला. म्हणाला, "आक्का, जे आलं न्हाईत त्यांचं आमी काय करायचं?"

"त्येंच्यासाठीच समिती हाय की. आलेली जेवून जात्यात."

मग ती स्वतःच हिंडायला लागली. जो दोन दिवस दिसला नाही, त्याच्या दारात तिसऱ्या दिवशी रत्नाक्का उभी. एका म्हातारीला आमच्या स्वयंपाकघराची पायरी चढता येत नव्हती. एकाला सून म्हणत होती, पंगतीला जाऊन आमची अब्रू घालवतोस. आणि एक होते वस्ताद. ज्या तालमीला लागून आमचं स्वयंपाकघर, त्याच तालमीत त्यांनी तीस वर्षं पोरं घडवली. खुद्द दत्तूअण्णा त्यांचा पठ्ठ्या, दोन्ही कान मोडलेले. वस्तादांचा मुलगा मुंबईला गेला तो गेलाच. यादीत नाव होतं, पण पठ्ठ्यांच्या डोळ्यांसमोर ताट कसं धरायचं, म्हणून ते महिनोन्‌महिने आले नव्हते. चुरमुरे आणि चहावर जगत होते.

रत्नाक्का त्यांच्याकडे चार वेळा गेली. चौथ्यांदा वस्ताद म्हणाले, "माझ्या शेजारी कोण बसंल?"

"मी बसतो की. ताट माझ्याजवळ हाय."

आमच्याकडे बायकाही बसतो, जातो म्हणतात. ऐन उमेदीत वस्ताद तिच्या शेजारी जेवले असते का, ते मी सांगत नाही. तेव्हा मात्र जेवले.

पण यादी तोवर बरीच रोडावली होती, आणि तालमीच्या पोरांना व्यायामाची यंत्रं हवी होती. यंत्रांना जागा पाहिजे. दत्तूअण्णांनी ठराव काढला, म्हातारी माणसं येत नाहीत, स्वयंपाकघर बंद करून खोली तालमीला द्यावी. मला सेक्रेटरीने आधीच सांगितलं, "काकी, दुसरं काम बघून ठेवा." माझं काय, मी चार घरची भांडी घासली असती. पण त्या माणसांना दिवसातलं ते एकच जेवण होतं.

मी रत्नाक्काला सांगितलं. वाटलं, ही आता अर्ज करेल, कार्यालयात जाईल. ती म्हणाली, "इंदे, येत्या रविवारची पंगत तालमीच्या पायऱ्यांवर वाढायची."

रविवारी आठही जण आत गेले, आणि आम्ही बाहेर पंगत मांडली. तालमीला दार एकच. पायऱ्या तीन, त्या तिन्हींवर माणसं बसवली, उरलेली खाली बोळात. उंबऱ्याला लागून वस्ताद आणि त्यांच्या शेजारी रत्नाक्का. मी वाढायला लागले.

आत सभा लवकर आटपली. ठराव लिहून झाला होता. सगळ्यांना घरी जायची घाई, कारण रविवार, घरोघरी मटण शिजत होतं, वास बोळात येत होता. दत्तूअण्णा दारात आले आणि थांबले. जेवणाऱ्या माणसाला ओलांडून आमच्याकडे कोणी जात नाही. चोरसुद्धा जाणार नाही.

"आक्का, वाट द्या की."

"माणसं जेवत्यात, अण्णा. उठवू व्हय?"

"किती येळ लागंल?"

"दात न्हाईत त्यास्नी. लागंल तासभर. तवर ठराव वाचा. मोठ्यानं वाचा, हितं काईजण बहिरी हायत."

आतून कोणीतरी म्हणालं, "वाचून सोडा एकदाचं." अण्णांनी रजिस्टर उघडलं. गावासमोर उभं राहून कुस्ती खेळलेला माणूस, पण रजिस्टर तोंडासमोर धरून वाचायला लागला. "पेठेतील वृद्ध जेवणासाठी येत नसल्याने..." एवढं वाचलं.

वस्तादांनी तोंडातला घास गिळला. सावकाश वर बघितलं. "दत्तू, मी आलोय न्हवं?"

वस्ताद तिथं बसलेत हे अण्णांना बहुतेक तोवर दिसलंच नव्हतं. उभा माणूस खाली बसलेल्याचं टाळकं बघतो, तोंड नाही. ते तसेच दारात उभे राहिले. मागून सात जण विचारत होते काय झालं, काय झालं. शेवटी अण्णा म्हणाले, "बरं, पुढच्या सभेला बघू."

रत्नाक्का जेवता जेवता म्हणाली, "पुढच्या न्हाई. आत्ता खोडा. मी बघतो."

अण्णांनी सेक्रेटरीकडून पेन घेतलं आणि रजिस्टर उंबऱ्यावर ठेवून ठराव खोडला. रत्नाक्काने हात धुतले, पदराला पुसले आणि खाली सही केली. तिची त्या रजिस्टरमधली ती पहिली सही. मग अण्णा उंबऱ्याच्या आत खाली बसले, वस्तादांचं जेवण होईपर्यंत. आठही घरचं मटण थंड झालं असणार. मला काही वाईट वाटलं नाही.

पुढच्या रविवारी समितीचं बाकडं तालमीच्या बाहेर आलं. ते बाहेरच राहिलं. येणारी-जाणारी माणसं थांबून ऐकायची, मध्येच बोलायची. पाळणाघरात पोरं ठेवणाऱ्या बायका तर भांडायच्याच. सेक्रेटरी म्हणायचा, ही सभा हाय का मंडई? रत्नाक्का म्हणायची, "मंडईच बरी. माल उजेडात बघता येतो." ती गोड बाई नव्हती. माझ्या आमटीला तिने बारा वर्षांत एकदाही चांगलं म्हटलं नाही. एकदा मी मुद्दाम विचारलं तर म्हणाली, "ताट रिकामं केलं न्हवं?"

ती गेली तेव्हा दोन हजार सालाच्या पुढे चार-पाच वर्षं झाली होती. पहाटे नळाला पाणी भरताना पडली, ती उठली नाही. मी रडत बसले नाही. दुपारी पंगत होती.

महिन्याभराने सेक्रेटरी माझ्या घरी रजिस्टर घेऊन आला. तिच्या जागी समितीने माझं नाव घातलं होतं, मला न विचारता. ठरावही लिहून आणला होता, की रत्नाक्काचा फोटो तालमीतल्या सभेच्या खोलीत लावावा.

"काकी, हितं सही करा. पावसाचं दिवस हायत, आता सभा पुन्हा आतच घेऊ म्हणत्यात अण्णा."

मी म्हटलं, "जी जिती असताना आत आली न्हाई, तिचा फोटो आत नेऊन काय करतासा? आमी बायकांनी बघायचा कुठनं?"

"मग काय सांगू त्यास्नी?"

"रविवारी येतो म्हणावं."

रविवारी पाऊस होता. मी छत्री घेऊन पायरीवर पोतं टाकून बसले. आत थोडी कुजबुज झाली. मग दोघांनी बाकडं उचलून आणलं आणि पायरीशेजारच्या पत्र्याच्या छपराखाली ठेवलं. अण्णा आता म्हातारे झाले होते, गुडघे धरून बसले. म्हणाले, "बोला इंदूताई, कुठला विषय पैला घेऊ?"

"आज पंगतीला शेवंता आली न्हाई," मी म्हटलं. "काल बी न्हवती, परवा बी न्हवती. कोण बघून येणार?"

सेक्रेटरी रजिस्टर चाळायला लागला. मी बघत बसले. मग अण्णाच उठले, चप्पल पायात घातली आणि छत्री मागितली.

"असं हात हलवत जाऊ नगा," मी म्हटलं. "डबा घेऊन जावा."