समाधानी आहात का?

आमच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटात किस्से न तपासलेल्या पेपरांसारखे साचतात. एक गठ्ठा हातावेगळा करावा, तर दुसरा टेबलावर हजर! हैदराबादच्या या विद्यापीठात मला अठरा वर्षं झाली. नातेवाईक म्हणतात, "प्रोफेसरांचं काय, मजाच मजा!" मी म्हणते, बसा, चहा घ्या, ऐका.

* * *

आमचे मूर्ती सर. तीस वर्षं ॲसिडं हाताळून बोटांवरच्या रेषा पुसल्या गेलेल्या. त्यात हजेरीला अंगठ्याचं मशीन आलं.

एकदा नऊचा क्लास, वर्गात ऐंशी पोरं, आणि सर मशीनपुढे उभे. अंगठा रुमालाला पुसतायत, फुंकर मारतायत, पुन्हा दाबतायत. मशीन दाद देईना. शेवटी वैतागून वर्गात गेले, तासभर शिकवलं.

दुपारी ऑफिसातून फोन, "सर, सिस्टीममध्ये तुम्ही आज आलेलेच नाहीत."

सर म्हणाले, "मग त्या ऐंशी पोरांनाही गैरहजर लावा. मी नव्हतो, तर शिकली कोणाकडून?"

आम्ही हसलो. सर नाही हसले. त्यांची रजा कापली गेली होती.

* * *

हा माझा. नामपल्लीजवळच्या हॉस्पिटलात आईचं ऑपरेशन होतं. मी रजेवर. तरी मेसेज आला, "ऑनलाइन मीटिंग, सर्वांची उपस्थिती आवश्यक."

कॉरिडॉरमध्ये उभी राहून जॉइन झाले. एक अधिकारी म्हणाले, "गायकवाड मॅडम, कॅमेरा ऑन ठेवा."

ठेवला. त्याच क्षणी आईला स्ट्रेचरवरून आत नेत होते. ती हात हलवत होती, मी मोबाइल धरून चालत होते. स्क्रीनवर सगळे एकदम गप्प. मला वाटलं, आता म्हणतील, जा मॅडम, आईकडे बघा.

"मॅडम," ते म्हणाले, "बॅकग्राउंड ब्लर करता येईल का?"

* * *

रेड्डी सर आमचे एचओडी. मितभाषी माणूस. ड्रॉवरमध्ये बीपीचं मशीन. वरून बोलावणं आलं की जाण्याआधी मोजायचे, आल्यावर पुन्हा मोजायचे.

एकदा दोन तासांची मीटिंग करून आले. शर्ट घामाने चिकटलेला. दंडाला पट्टा बांधून घेतला. मी विचारलं, "सर, काय ठरलं? मिनिट्स मी लिहू का?"

"लिही अम्मा," आकड्याकडे बघत म्हणाले, "एकशे सत्तर बाय शंभर!"

* * *

शबाना आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर. पंधरा वर्षं शिकवतेय आणि दरवर्षी त्याच नोकरीचा इंटरव्ह्यू देतेय. पॅनेलवरच्या एकाने विचारलं, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

शबाना म्हणाली, "इसीच कुर्सी पे, सर. सवाल भी यहीच रहता!"

पॅनेल खो खो हसलं म्हणे. बाहेर आली आणि पाण्याचे तीन ग्लास लागोपाठ प्यायली.

* * *

आता हा. कुठल्याशा कॉलेजचा एक संशोधक फॉर्म घेऊन आला. विषय, प्राध्यापकांच्या आयुष्याचा आणि कामाचा दर्जा. नाव लिहायचं नव्हतं. तरी सगळ्यांनी एकमेकांच्या फॉर्मात डोकावत 'अत्यंत समाधानी'वर खुणा केल्या. कॉपी करणाऱ्या पोरांना आम्ही कोणत्या तोंडाने बोलतो, देव जाणे!

फॉर्म त्या संशोधकाकडे जायच्या आधी डीननी मागवून घेतले.

दुसऱ्या दिवशी डीन स्वतः स्टाफरूममध्ये. हातात एकच फॉर्म. सगळीकडे 'मुळीच नाही'. आणि खाली इंग्रजीत एक ओळ. ती त्यांनी मोठ्याने वाचली, "वर्गाचं दार बंद झालं, की मगच मला नीट श्वास घेता येतो."

"कोणी लिहिलं?"

हळूहळू सगळ्यांच्या नजरा शबानाकडे वळल्या. तिचं रिन्युअल पुढच्या आठवड्यात होतं. ती मान खाली घालून बसलेली. मूर्ती सर चष्मा पुसत राहिले. माझी प्रमोशनची फाईल डीनच्याच टेबलावर. मी समोरचे पेपर तपासत राहिले.

डीननी जाऊन तो फॉर्म शबानाच्या पुढ्यात धरला. "मॅडम, तुम्हाला काही सांगायचंय?"

शबानाने मान हलवली. नाही.

"नाव घ्या. नाही तर मी काय समजायचं ते समजतो."

"मी लिहिलं," मागून आवाज आला. रेड्डी सर.

"तुम्ही? एचओडी असून?"

"हो. अक्षर माझंच आहे."

डीननी फॉर्मची घडी खिशात घातली आणि निघून गेले.

पंधरा दिवसांत रेड्डी सरांची एचओडीशिप गेली. शबानाचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. ऑर्डर हातात घेऊन ती जिन्यात भेटली. मी अभिनंदन केलं. म्हटलं, "बघ, रेड्डी सर असं काही लिहितील असं वाटलं होतं का कधी?"

ती दोन पायऱ्या खाली उतरली, थांबली, मागे वळून शांतपणे म्हणाली, "मॅडम, पंद्रह बरस से साथ बैठको पेपरां जांचते अपन. आपका अक्षर नै पैचानती क्या मैं?"