फेमीच्या दोन टोपल्या

बेटावरच्या पाहोआ गावच्या रस्त्याला फेमी आग्बायानीची पपईची टपरी आहे. तिथे कोणी बसत नाही. फळ घ्यायचं, डब्यात डॉलर टाकायचे, निघायचं. फसवणारे थोडे, त्यांनाही फेमी ओळखते. नवरा गेल्यापासून बाग, चर्च आणि टपरी एवढाच तिचा संसार.

रोगाने बेटावरच्या पपया बसवल्या, तेव्हा जनुक बदललेलं बी फुकट वाटलं गेलं. नवऱ्याने ते लावलं आणि बाग वाचली. जुन्या जातीची दोनचार झाडं कुंपणाशी उरली. त्यांच्या फळांवर रोगाची वर्तुळं उमटत, म्हणून फेमी ती कच्चीच उतरवून कोंबडीच्या रश्शात घाली.

शेजारच्या कियोए ओकिमोतोकडे दर शनिवारी फेमीच्या वाडग्यातून बागेतली पिकली पपई जायची. वाडगा मुळ्याचं लोणचं घेऊन परतायचा. भांडं रिकामं परत करायचं नाही, एवढ्या नियमावर ही मैत्री म्हातारी झाली होती.

मग काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जनुक बदललेल्या फळांवर तसं लेबल लावायचं का, याचा वाद पेटला. सुनावणीला शेतकरी एका रंगाचे सदरे घालून आले, तसल्या बियाण्याचे विरोधक दुसऱ्या रंगाचे. मत बदलायचं तर आधी सदरा बदलावा लागला असता. फेमी चर्चचा झगा घालून मागे बसली. आयुष्यभर शाळेत स्वयंपाक केलेली कियोए माइकपुढे उभी राहिली.

"पोटात काय जातंय ते लिहिलेलं नको? मी तर फक्त फेमीची पपई खाते. तिच्यात तसलं काही नसतं."

टाळ्या पडल्या. कियोए मागे वळून हसली. फेमीही हसली. हसण्यावर लेबल लावायचं कोणी सुचवलं नव्हतं.

"मानांग, तिने कधी विचारलं का?" वहिनीला मानांग, म्हणजे ताई, म्हणणाऱ्या दीर तोमासने घरी विचारलं. "नाही ना? मग गप्प बस."

"विचारलं नाही, कारण तिला खात्री होती."

"मग राहू दे की खात्री! ठणठणीत आहे म्हातारी. मेली तर त्या लोणच्यानेच मरेल."

"ठणठणीत आहे हे मला ठाऊक आहे. कशावर, ते तिला ठाऊक नाही."

फेमीने कुंपणाकडची फळं या खेपेला पिकू दिली. शनिवारी टपरीवर दोन टोपल्या लागल्या, दोन पुठ्ठे. 'जनुक बदललेली. गोड.' 'जुनी. डाग आहेत.' वाडगा मात्र तिने पाठवला नव्हता; मागच्या खेपेचा अजून कियोएकडेच होता.

कियोए तो घेऊन आली, तेव्हा फेमी टपरीवरच होती. पुठ्ठा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"मला कुठली द्यायचीस?"

"गोड."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि मी तिकडे माइकवर..."

"हो."

"तू हसलीस, फेमी."

"हसले."

कियोएने वाडगा फळीवर ठेवला. रिकामा. आणि गेली.

आठवडाभर फेमीने तो हलवला नाही. गिऱ्हाइकं 'जुनी' वाचून खूश होत, डाग पाहून शेजारच्या टोपलीतली उचलत. तोमास म्हणाला, "बघ, लिहून काय फरक पडला?" फेमी वाडग्यावरची धूळ पुसत होती.

पुढच्या शनिवारी कियोए आली. आयुष्यात पहिल्यांदा तिने डब्यात डॉलर टाकले. ते फेमीला लागलं. कियोएने सगळ्यात डागाळलेलं फळ निवडलं, तिथेच चिरलं, फोड तोंडात टाकली.

"गोडीला कमीच आहे गं."

"आहेच."

"मी हीच घेणार."

"घे."

कियोएने उरलेलं फळ पिशवीत टाकलं, दुसऱ्या टोपलीकडे एकदा पाहिलं, आणि फळीवरचा वाडगा काखेत मारला.

"हा नेते. मुळा मुरत आलाय."