दातोबाची चिमूटभर माती

अण्णा गेल्याची बातमी शाळेच्या शिपायाने सायकलवरून आणली, तेव्हा मी वर्षाची चिंच निवडून बरणीत भरत होते. परीक्षेचे पेपर वाटून झाल्यावर अण्णा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले, त्यांनी पाणी मागितले आणि पाणी येईपर्यंत सारे आटोपले होते. शिपाई दारात उभा राहून नुसता "बाई... अहो बाई..." करत होता. मी हात धुतले, बरणीवर फडके बांधले आणि मग चपला घातल्या. अशा वेळी फडके कसले बांधत बसलीस, असे नंतर एकीने विचारलेसुद्धा. सवय अण्णांचीच. नदीच्या दरडीत हाड दिसले आणि त्या दिवशी काम पुरे झाले नाही, तर ते त्यावर ओला गोणपाट टाकून, दगड ठेवून मगच उठायचे. उघडे टाकून जायचे नाही.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. नगरच्या एका शाळेत भूगोल शिकवत. वहिनी लवकर गेल्या, माझाही संसार लवकर मिटला, तेव्हापासून आम्ही दोघे केडगावात एकत्र राहिलो. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवते. घर मी चालवायचे, आणि अण्णांनी घरात दगड आणायचे, अशी आमची वाटणी होती.

ते गेल्यानंतर लोक भेटायला येत होते. एके दिवशी त्यांच्या शाळेतले चित्रकलेचे काळेमास्तर आले. बोलता बोलता त्यांचा हात सवयीने अण्णांच्या टेबलावरच्या पितळी डबीकडे गेला. मी हो-नाही म्हणेपर्यंत त्यांनी झाकण उघडून बोटांच्या टोकाला लागली तेवढी नाकात ओढली, डोळे मिटले आणि शिंकेची वाट पाहिली. शिंक काही येईना.

"कमलाताई, जुनी झाली हो ही तपकीर," ते म्हणाले.

"हो, बरीच जुनी आहे," मी म्हटले आणि चहाचे निमित्त करून आत गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला हसू आले होते, आणि ते चारचौघांत बरे दिसले नसते.

डबीत तपकीर नव्हती. प्रवरेच्या काठची माती होती. ती डबीत कशी आली ते सांगितले, की अण्णा कसे होते ते निम्मेअधिक सांगून होईल.

अण्णांना नदीच्या दरडी वाचायचा नाद होता. जमीन कुठे कापलेली दिसली की ते थांबत. मग ती विहीर असो, नाला असो की पुणे रस्त्याच्या कडेचा खड्डा. मागून येणाऱ्या बैलगाडीवाल्याने आवाज दिला तरी त्यांना ऐकू येत नसे. प्रवरेच्या दरडीत सर्वांत खाली गोट्यांचा थर आहे. अण्णा म्हणत, एवढाले गोटे लोटायचे तर नदी केवढी असेल, पाऊस किती असेल! त्याच्या वर पिवळसर बारीक माती, तिच्यात चुन्याचे पांढरे खडे. ते पाऊस कमी झाल्याचे. बंबात पाणी आटून तळाला पांढरी पुटे धरतात ना, तसा मातीतला ओलावा वर उडून चुना मागे राहिला. आणि सर्वांत वर आपली आजची काळी जमीन. "आपला जिल्हा पहिल्यापासून कोरडा नाही, कमळे," ते मला सांगत. "तो कोरडा झालाय."

खालच्या गोट्यांत त्यांना पाणघोड्याचे सुटे दात सापडले होते. पाणघोड्याला बारमाही खोल पाणी लागते. नगर जिल्ह्यात पाणघोडा! मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले, उन्हात फिरून डोके तापले आहे. पण दात खरे होते. त्यावरून अण्णांनी आपला सिद्धांत बांधला : भरपूर पावसाच्या काळात पाणघोडे इथे होते, आणि कोरडा काळ सुरू झाला तशी ती सारी जात इथून नाहीशी झाली. यावर त्यांनी एक मोठे टिपण लिहायला घेतले होते. फक्त एका जागी ते अडले होते.

ती जागा म्हणजे दातोबा. नेवासे तालुक्यात प्रवरेकाठी एक गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर बघे जातील. तिथल्या गुरवाच्या आजोबांना पुरानंतर दरडीच्या पायथ्याशी एक दगडी जबडा सापडला. त्यांनी तो लिंबाखाली मांडला, शेंदूर लावला, आणि गावाला देव मिळाला. पोराचे दात उशिरा आले, कोणाची दाढ ठणकली, की दातोबाला तेल-शेंदूर. वर्षानुवर्षांच्या शेंदराने त्याचा चांगला जाड गोळा झाला होता. एका टोकाला दोन दात तेवढे बाहेर डोकावत, आणि ते पाहून अण्णांनी ओळखले की हा पाणघोडा आहे. पण तो कोणत्या थरातून पडला? खालच्या गोट्यांतून, की वरच्या पिवळ्या मातीतून? हाडाच्या पोकळीत अडकलेली माती पाहिली की उत्तर मिळणार होते, आणि ती माती शेंदराच्या आत होती.

पहिल्या भेटीत मी बरोबर होते. अण्णांनी धोंडिबा गुरवाला सरळ विचारले, "बाजूने थोडे खरवडू का?"

धोंडिबाने डोक्याचे मुंडासे नीट केले. "मास्तर, तुमच्या घरचा देव कुनी खरवडाया मागितला, तर तुमी द्याल का?"

"नाही देणार," अण्णा म्हणाले.

"मग च्या घ्या."

आम्ही चहा घेतला. निघताना धोंडिबाच म्हणाला, "शेंदराची खोळ आपसूक सुटली तर गोष्ट निराळी. सुटली की ती नदीत सोडायची, देवाला न्हाऊ घालायचं, नवा शेंदूर चढवायचा. तवा बघा काय बघायचं ते."

झाले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात अण्णा सर्व्हिस मोटारीने नेवाशापर्यंत आणि तिथून बैलगाडीने त्या गावी जात. देवाकडे सगळ्या बाजूंनी पाहत, चहा घेत आणि परत येत. मी विचारायची, "काय, टाकली का देवाने कात?" ते म्हणत, "घाई आपल्याला आहे. त्याला नाही." मी त्यांना एकदा म्हटले, अहो, तुमच्याच नादाचा, पण धीर नसलेला दुसरा कोणी येईल आणि देव उचलून नेईल, मग बसाल हात चोळत. ते म्हणाले, "मग तो त्याचा उद्योग." टिपण तसेच ट्रंकेत पडून राहिले.

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात मोटारीच्या ड्रायव्हरने घरी येऊन निरोप दिला. "नेवाशाकडच्या गुरवानं सांगितलंय, देव सैल झालाय, बिगीनं या." हा निरोप ड्रायव्हरला किती कळला कोण जाणे, पण अण्णा जेवता जेवता उठले. सामान मी बांधले : कापडी पिशव्या, चिठ्ठ्या, सुतळी, भिंग, टेप, ब्रश, गोणपाट, दशम्या. काही विसरले नाही याची मला खात्री होती.

आम्ही पोचलो तेव्हा लिंबाखाली बायका कळशा भरून थांबल्या होत्या. धोंडिबाने दोन्ही हातांनी खोळ सोडवली. नारळाची करवंटी निघावी तशी ती सुटली आणि मधोमध दुभंगली. अण्णांनी जबड्याकडे पाहण्याआधी खोळीची तुटलेली कड पाहिली. तिच्यात रेघा होत्या, एकावर एक, काही जाड, काही केसासारख्या बारीक.

"धोंडिबा, ही सगळ्यात वरची बारीक रेघ कसली?"

"ती व्हय... ती लढाईतली. दिव्याला तेल मिळंना, तर देवाला कुठनं आनायचं? नुसतं बोट पुसल्यावानी लावलं."

"आणि ही, खालची?"

धोंडिबाने कड डोळ्याजवळ नेली. "आजा सांगायचा तो मोठा दुस्काळ आसंल. तवाबी तेल न्हवतं."

"आणि या जाड?"

"पाऊसपानी झालेली सालं. लई झालं की मानूस देवाला हात सैल सोडतो."

अण्णांनी समोरच्या दरडीकडे बोट केले. जाड थर, बारीक थर, गोटे, पिवळी माती, चुन्याचे खडे... अण्णा सांगत होते आणि बायका कळशा खाली ठेवून ऐकत होत्या. धोंडिबा एकदा खोळीकडे, एकदा दरडीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हंजी नदीबी शेंदूर लावती म्हना की."

"अगदी तसेच," अण्णा म्हणाले, "आणि मला तिचा एकच थर बघायचा आहे. न्हाऊ घालण्याच्या आधी."

कारण कळशी ओतली असती तर ती माती वाहून गेली असती. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. पारोशा देवाला परक्याने हात लावायचा? मग धोंडिबानेच लिंबाची काडी मोडली. "हात माजा, डोळं तुमचं," तो म्हणाला. त्याने दातांच्या मुळाशी काडी घातली, हलक्या हाताने फिरवली आणि अण्णांच्या पसरलेल्या तळहातावर चिमूटभर माती पाडली.

पिवळी. बारीक. तिच्यात चुन्याचा एक पांढरा कण.

अण्णांचा सिद्धांत तिथेच संपला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. इतकी वर्षे ज्यासाठी वाट पाहिली, ते आपल्या विरुद्ध निघाले, आता हा माणूस मटकन खाली बसतो की काय, असे मला वाटले. ते हसत होते. "चुकलो, कमळे! पाऊस आटत चालला तरी ते इथे होते. म्हणजे कुठेतरी डोह टिकून होते. एवढ्या तहानेच्या काळातही या नदीने पाणी राखून ठेवले होते, बघ."

मग माती ठेवायला पिशवी मागितली. माझ्या साऱ्या पिशव्या, चिठ्ठ्यांसकट, नीट बांधून, नदीपलीकडे उभ्या असलेल्या गाडीत होत्या. अण्णांनी कंबरेची डबी काढली, तपकीर वाऱ्यावर सोडली, आतून धोतराच्या सोग्याने पुसली आणि तिच्यात माती ठेवली. बायकांना शिंका सुरू झाल्या, आणि त्या शिंकांतच दातोबाची आंघोळ झाली.

"मास्तर, माती न्यायची तर न्या," धोंडिबा म्हणाला, "पर ती देवाची हाय."

"काम झाले की आणून देईन," अण्णा म्हणाले.

त्यांनी टिपण पहिल्यापासून नव्याने लिहिले आणि मोठ्या शहरातल्या जाणत्या मंडळींकडे पाठवले. उत्तर सभ्य होते : विधान महत्त्वाचे आहे, मात्र जबडा पाहिल्याशिवाय स्वीकारता येत नाही, तरी नमुना पाठवावा. अण्णांनी उलट टपाली कळवले की नमुना पूजेत आहे. पुढे काही झाले नाही. मी म्हटले, धोंडिबाशी बोलून तर पाहा, गाव तुम्हाला मानते. त्यावर ते म्हणाले, "मानते म्हणूनच विचारायचे नाही. नाही म्हणायला त्यांना जड जाईल." त्या संध्याकाळी ते जेवले थोडे कमी. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे शाळेत गेले आणि मुलांना फळ्यावर दरड काढून दाखवली, पिवळ्या थरात पाणघोड्यासह. दुसरी डबी त्यांनी घेतली नाही. तपकीर कागदाच्या पुडीत, पुडी खिशात, आणि खिशाचे डाग काढायचे माझ्याकडे.

मातीची आठवण मात्र राहून गेली. कधी शाळा, कधी पाऊस, कधी प्रकृती... त्यांच्या वस्तूंची वाटणी करताना मी यादी केली. पुस्तके शाळेला, भिंग काळेमास्तरांना, दगड एका होतकरू विद्यार्थ्याला. डबीपुढची जागा कोरी राहिली. मग मागच्या आठवड्यात मीच ती घेऊन त्या गावी गेले.

धोंडिबाला आता कमी दिसते. आवाजावरून त्याने ओळखले. अण्णा गेल्याचे सांगितले तेव्हा त्याने मुंडासे उतरवून मांडीवर ठेवले. "मास्तर गेलं व्हय..." एवढेच. मी डबी पुढे केली. त्याने ती उघडली, बोटाने चाचपली, बंद केली आणि माझ्या हातात परत दिली.

"आता कुठं घालू, बाई? शेंदूर चढलाय. आता देवाला खरवडायचं का?"

"नको, नको. मग कधी आणू?"

"खोळ सुटली की आना. आपसूक."

"ती कधी सुटेल?"

"पयली माज्या आज्यानं चढवली, मी सोडवली," तो म्हणाला. "दुसरी आपल्या मागचं कुनी बगंल. घाई काय हाय? च्या घ्या."

मी चहा घेतला.

डबी पुन्हा अण्णांच्या टेबलावर आहे. काळेमास्तरांसाठी शेजारी खऱ्या तपकिरीची पुडी ठेवली आहे. यादीत डबीपुढे आता लिहिले आहे : दातोबास परत देणे, खोळ सुटल्यावर. अर्धवट राहिलेले काम मला एरवी चैन पडू देत नाही. या एका ओळीने पडते.