उभ्या गाडीचा विमा

बाबांची तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी मांडववाला खुर्च्या टेम्पोत भरत होता, तेव्हा मोठा भाऊ माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आता त्या गाडीचं काय करतं?"

"काय करतं म्हणजे?"

"तू जाशीन आपल्या ड्युटीवर. बाबा होते तवरीक ठीक होतं. आता कोण पाहीन तिले? उभ्या उभ्या सडून जाईन. माह्या नावावर करून दे. शंकर नगरले शेड आहे, गेट आहे."

मी वळून मांडववाल्याला खुर्च्या उचलू लागलो. एरवी असल्या बोलण्याला मी तिथल्या तिथे उत्तर देतो, तेही मोठ्या आवाजात. पण तार मिळून, सुट्टी मंजूर होऊन, गाड्या बदलत मी रायपूरला पोचलो तेव्हा बाबांना नेऊन लोक घरी परतले होते, आंघोळी करून बसले होते. तेव्हापासून मला काही वाटतच नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती. कुणी हसलं तर मीही हसत होतो. रडू उद्या येईल असं रोज वाटायचं.

मी फौजेत गाड्यांचा मेकॅनिक होतो. कॉलेज अर्धवट सोडून भरती झालो, कारण घरात एकालाच पुढे शिकवता येणार होतं आणि तो मोठा होता. तो शिकला, सरकारी ऑफिसात लागला, रायपूर राजधानी झाल्यावर त्याला शंकर नगरला क्वार्टर मिळालं. मला कुणी काही दिलं नाही. गाडी मात्र मी माझी केली. भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या आवारात ती पांढरी छोटी गाडी टायर काढून विटांवर ठेवली होती. भंगाराच्या भावाच्या जरा वर मी ती सोडवली, आणि दोन सुट्ट्यांत तिचं इंजिन अंगणात स्वतः खोलून स्वतः बसवलं. राज्य नवीन झालं तेव्हा नंबर प्लेटवरचं एम.पी. खरडून सी.जी. मीच लिहिलं. रायपुरात माझ्या एकट्याच्या नावावर असलेली ती एकच वस्तू होती. घर बाबांचं, भनपुरीच्या बाजूला, रिटायर झाल्यावर बांधलेलं. बायको तिथेच राहायची, कारण माझ्या पोस्टिंगच्या ठिकाणी कुटुंबाला जागा नव्हती. आई आधीच गेली होती.

युनिटमधून फोन लागायचा तो घाईचा. मागे रांग असायची. मी बाबांना तब्येत विचारायचो, ते "बरी आहे" म्हणायचे. मग मी विचारायचो, "गाडी कशी आहे?"

बाबा म्हणायचे, "उभी आहे."

दरवेळी तेच. बाबांनी सगळा जन्म रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नल ओढण्यात घालवला. कार चालवायला ते कधी शिकले नाहीत. त्यामुळे गाडी ताडपत्रीखाली उभी आहे, आठवड्यातून एकदा बाबा किल्ली फिरवतात, असं चित्र माझ्या डोक्यात पक्कं होतं.

आता विमा त्या आठवड्यात संपत होता आणि सुट्टीही. विम्याशिवाय गाडी सोडून गेलो तर भावाचं म्हणणं आपोआप खरं ठरणार होतं. मी सायकल काढली आणि बाजारात गेलो. मला करायला काहीतरी मिळालं, एवढंच.

पहिल्या ऑफिसात बाबूने पत्ता विचारला. मी युनिटचा सांगितला, मारफत ए.पी.ओ.

"ये कौन से जिले में पड़ता है?"

"किसी में नहीं. फौज का डाकखाना है."

"और गाड़ी कहाँ रहती है?"

"भनपुरी."

"और आप?"

"जहाँ भेजते हैं, वहाँ."

त्याने घरच्या पत्त्याचा पुरावा मागितला. रेशनकार्डावर माझं नाव नव्हतं. भरती झालो तेव्हाच ते कमी झालं होतं. घरची साखर त्यामुळे कमी झाली, हे आईने मला पहिल्याच पत्रात कळवलं होतं. बाबूने पेन खाली ठेवलं. "भैया, यहाँ रहने वाले किसी के नाम करा लो ना. भाई होगा कोई. झंझट ख़तम."

मी टेबलावर हात आपटला. त्याचा चहा सांडला, आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. हात आपटल्यावर राग यायला पाहिजे होता. आला नाही. मी रुमालाने टेबल पुसून दिलं आणि बाहेर पडलो.

दुसऱ्या ठिकाणीही तेच ऐकलं. इथे राहणाऱ्याच्या नावावर करा. म्हणजे मी इथला नव्हतो. या शहरात जन्मलो, शाळेत मार खाल्ला, पहिली मजुरी केली, आणि आता परवा नवीन बोर्ड लावून बसलेला माणूस मला सांगत होता की इथे राहणाऱ्या कुणाला तरी शोधा.

तिसरा एजंट शंकर नगरला भेटला. भावाच्या क्वार्टरपासून दोन गल्ल्या पुढे. पोट सुटलेला, सगळ्यांना भैया म्हणणारा. त्याच्याकडे फौजी गिऱ्हाईकं होती. माझं ओळखपत्र आणि गाडीचं आर.सी. बुक बघून म्हणाला, "बस. आपका घर का पता आर.सी. में है, और क्या चाहिए? बैठो."

मी बसलो. त्याने आकडा सांगितला. मी निम्मा सांगितला.

तो हसला. "फौजी भैया, ये टैरिफ है, टमाटर नहीं. सरकार का रेट है."

"क्लेम कभी लिया? नहीं लिया. उसकी छूट?"

"दी है. जोड़ के ही बोला."

"गाड़ी की कीमत ज़्यादा लगाई है."

त्याने ती थोडी उतरवली. मग मी मुद्द्यावर आलो. युनिटमध्ये एका सुभेदार साहेबांकडून मी ऐकलं होतं की गाडी महिनोन्महिने घरी बंद ठेवायची असेल तर तसं लिहून देता येतं. त्या काळात विमा फक्त आगीचा आणि चोरीचा राहतो, आणि हप्त्यात सवलत मिळते. फौजेतल्या माणसाला याहून योग्य विमा कोणता? गाडी रस्त्यावर नाही तर रस्त्याचे पैसे कशाला द्यायचे?

एजंट माझ्याकडे बघतच राहिला. "ये आपको किसने बता दिया?"

"है कि नहीं?"

"है तो." त्याला ते आवडलं नव्हतं. "पर कोई लेता नहीं. लिख के देना पड़ेगा कि गाड़ी हिलेगी नहीं. हिली, और किसी को लग गई, तो कंपनी हाथ खड़े कर देगी. गाड़ी देखने भी आना पड़ेगा."

"आओ. चाय मेरी तरफ़ से."

एरवी असा सौदा जिंकल्यावर मी घरापर्यंत शीळ घालत गेलो असतो. त्या दिवशी शिळेची आठवणही झाली नाही. फक्त एवढं ठरवलं की भावाला सांगायचं: माझी गाडी, माझ्या नावावर, माझ्या बाबांच्या अंगणात उभी राहील. तुला काय करायचं आहे?

दुसऱ्या दिवशी दुपारी एजंट स्कूटरवर आला. आमच्या बाजूला कारखान्यांची काळी धूळ दिवसभर पडते. सकाळी झाडलेल्या ओट्यावर संध्याकाळी बोट फिरवलं तर बोट काळं होतं. मी ताडपत्री ओढली. तिच्यावर जेवढी धूळ असायला हवी होती तेवढी नव्हती. हे मला दिसलं. मेकॅनिकला दिसणारच. पुढच्या टायरची नक्षी माझ्या आठवणीपेक्षा कमी होती, हेही दिसलं. पण ते दिवस असे होते की दिसलेलं आत पोचत नव्हतं. किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झालं. बाबा खरंच काळजी घेत होते, असं मी म्हटलं.

एजंटने नंबर बघितला, वाकून काच बघितली आणि ओट्यावर बसून कागद काढला. "तो लिख दूँ? खड़ी गाड़ी?"

"लिखो."

बायको चहा घेऊन दारात आली होती. ती तिथूनच म्हणाली, "भैया, मत लिखो. गाड़ी चलती है."

एजंटने पेन वर धरलं. मी तिला म्हटलं, "कोण चालवते?"

"मी."

"तू?"

"हाव."

ती आत गेली आणि देवाच्या फळीवरून लायसन्स घेऊन आली. फोटोत तिने डोळे मोठे करून कॅमेऱ्याकडे बघितलं होतं.

"काहून नाही सांगितलं मले?" माझा आवाज चढला. शेजारच्या घराची खिडकी उघडली.

"बाबांनी नाही म्हटलं होतं. त्याले तिकडं घोर नको लावू म्हणे. अन् सांगितलं असतं तर तुम्ही असेच वरडले असते. पहा, वरडूनच राहिले." ती खाली बसली नाही. ट्रे हातातच होता. "बाबांले दम लागायचा. रेल्वेच्या दवाखान्यात दर हप्त्याले न्यावं लागे. मोठ्या भावजींले एकदा म्हटलं, त्यांनी ऑटो ठरवून दिला. ऑटोत धूर लागे, बाबा खोकून खोकून अर्धे होत. मग बाबाच म्हणाले, घरची गाडी आहे, तू शिकून घे. आपल्या पेन्शनीतून त्यांनी क्लास लावून दिला. मी चालवू, ते बाजूले बसत. चौकात लाल बत्ती झाली का माह्या आधी तेच म्हणत, सिग्नल नाही, थांब."

"मले तर ते म्हणत, उभी आहे. दरवेळी. मी विचारलं का, उभी आहे."

"मग? उभीच राहे ना. आम्ही दवाखान्यातून आलो, गाडी अंगणात लावली का ते गाडीचा दरवाजा लावून म्हणत, आली, उभी आहे. मगच घरात येत."

मला रेल्वे क्वार्टरमधले दिवस आठवले. बाबा ड्युटीवरून यायचे आणि आईला सांगायचे, पॅसेंजर उशिरा आली, पण उभी आहे. उभी आहे म्हणजे प्लॅटफॉर्मला लागली, माणसं उतरली, आपली जबाबदारी संपली. त्यांच्या तोंडी गाडी म्हणजे आगगाडी, आणि उभी म्हणजे सुखरूप. ते माझ्याशी एकदाही खोटं बोलले नव्हते. मी त्यांच्या एका शब्दावर सगळा सौदा उभा केला होता, आणि तो शब्द आमच्या दोघांचा वेगळा होता.

"शेवटच्या दिवशी?" मी विचारलं.

"हाव. मीच नेलं. दवाखान्यापर्यंत बोलत होते."

मी चहाचा कप उचलला. गरम होता, पिऊन टाकला. एजंट कागदाकडे बघत बसला होता. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "तो भैया, फुल बीमा?"

"फुल."

"ड्राइवर तो घर में ही निकला." मग त्याला वाटलं की आपण बोलायला नको होतं. मी म्हटलं, "कीमत कल जितनी उतारी थी, उतनी ही रखना. चढ़ाना मत." तो म्हणाला, "नहीं चढ़ाऊँगा, बाप." बायको हसली. तेरवीनंतर त्या घरात कुणी हसल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

संध्याकाळी भाऊ आला. मी त्याला सांगितलं की गाडीचा विमा झाला, माझ्याच नावावर, आणि गाडी इथेच राहील.

"अन् चालवीन कोण?"

"जी चालवून राहिली तीच."

त्याने बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कधीपासून?"

"तू ऑटो ठरवून दिला तेव्हापासून."

यावर भांडण व्हायला हवं होतं. मी तयार होतो. इतकी वर्षं साठवलेलं सगळं माझ्या तोंडाशी होतं, कॉलेजपासूनचं. तो चप्पल पायात सरकवत म्हणाला, "मले काय माहीत बाप्पा. मले कोणी सांगितलं नाही." मलाही कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पुढे बोलता आलं नाही. तो गेला. ते सगळं अजून माझ्याजवळच आहे, मी काही विसरलो नाही.

सुट्टी संपली त्या दिवशी बायकोने मला स्टेशनवर सोडलं. मी डाव्या बाजूला बसलो. सीट पूर्ण मागे सरकवलेली होती. बाबांचा उजवा गुडघा वाकत नसे. मला पाय उगाच लांब पसरावे लागत होते. खालचा खटका दाबला असता तर सीट पुढे आली असती. मी दाबला नाही. ती गिअर बदलताना क्लच जरा उशिरा सोडत होती, गाडी झटका घेत होती. मी सांगणार होतो, पण लाल बत्ती आली आणि ती आपणहून थांबली. पुटपुटली, "सिग्नल नाही."

स्टेशनवर ती आत आली नाही. पार्किंगवाला पैसे मागत होता आणि ती त्याच्याशी घासाघीस करायला लागली होती. मी ट्रंक खांद्यावर घेतली आणि निघालो.

युनिटला पोचल्यावर फोनला माझा नंबर लागला. तिने उचलला. घर कसं, पाणी येतं का, हे झालं. मग मी विचारलं, "गाडी कशी आहे?"

"उभी आहे," ती म्हणाली. "आत्ताच आली."

मी बरं म्हटलं. रांगेतला मागचा जवान माझ्या खांद्यावर बोटं वाजवत होता. मी त्याला अजून एक मिनिट थांब अशी खूण केली, पण पुढे काय बोलायचं ते सुचलं नाही, आणि मिनिट तसंच गेलं.