आत्याच्या डोळ्यातली हाळी

आमच्याकडे मुलगी बघायला जायचं तर आत्याला घेतल्याशिवाय गाडी हलत नाही. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. दिली वेल्ह्याकडे, डोंगरात, पण माहेरी किकवीत अजून तिचाच शब्द चालतो. मुलीच्या तोंडाकडे एकदा बघून ती सांगणार, ही नांदेल, ही नांदायची नाही. माझ्या लग्नात तिनं सासरच्यांना आधीच बजावलं होतं म्हणे, की पोरगी कामाला वाघ आहे, पण तोंडाळ आहे, मागनं तक्रार ऐकून घेणार नाही. मला त्याचा अजून राग आहे. खोटं नव्हतं म्हणा ते.

मागल्या वर्षी आत्या यजमानांना घेऊन किकवीला माझ्या भावाकडे राहायला आली; माझं घरही त्याच गावात. तेव्हापासून ही बया बोलताना मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघायला लागली. समोरून ओळखीची बाई आली तरी रामराम नाही की शामराम नाही. बायका म्हणायच्या, म्हातारी लई शिष्ट झाली. मी विचारलं तर म्हणाली, मान आखडलीय. मग काय, मी मूर्खासारखी रोज तिच्या मानेला तेल चोळत बसले, आणि तीही गुपचूप चोळून घेत होती.

अशात माझ्या भाच्यासाठी कामथडीचं स्थळ आलं. मुलगी बीकॉम, बोलायला गोड, पोह्यात खोबरं सढळ. सगळ्यांच्या माना डोलल्या. आमच्यात पसंती तोंडानं सांगत नाहीत. वडीलधाऱ्या सवाष्णीनं उठून मुलीला कुंकू लावायचं, नारळ आणि खण ओटीत घालायचा, की झालं. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, अजून खणखणीत असल्यामुळे मान तिचाच. आत्या पदर सावरत उठली आणि सरळ मुलीच्या शेजारी बसलेल्या मुलीच्या आईला कुंकू लावून आली.

सवाष्णीला कुंकू लावलं यात कुणाला काही वाटलं नाही. त्या बाईनंही वाकून नमस्कार केला. पण आत्यानं नारळ आणि खणसुद्धा तिच्याच ओटीत घातला, हनुवटीला हात लावला आणि मामांकडे वळून म्हणाली, "पोरगी पसंत हाय. अंगानं जरा थोराड वाटती, पर चालंल. आपलं पोरगंबी काय लहान न्हाई."

मग मुलीचे वडील अगदी हळू म्हणाले, "आक्का, ही माझी हाय."

खरी मुलगी तोंडात पदर कोंबून आत पळाली आणि आतून हसण्याचा असा गडगडाट झाला की सगळेच फुटले. ते स्थळ त्या हसण्यावरच जमलं. पण मला असला संताप आला होता की गाडीत बसल्या बसल्या मी आत्याला झाडायला सुरुवात केली. मामासुद्धा पोट धरून हसत होते. हसत नव्हती ती एकटी आत्या.

"म्या तिचं त्वांड बघितलंच न्हाई," ती म्हणाली. "कडंचं दिसतंय. मधी काळं येतंय. डाव्यानं तर कुणाचंच त्वांड दिसत न्हाई, लई दिस झालं. आता उजव्यालाबी तसंच व्हाया लागलंय."

मला मानेला चोळलेलं तेल आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

त्याच आठवड्यात तिला पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मशीनवर फोटो काढले आणि नीट समजावून सांगितलं. वय झालं की डोळ्याच्या पडद्यामागं कचरा साठतो. शरीरातले राखणदार त्याला शत्रू समजतात आणि एकमेकांना निरोप धाडतात, धावा, धावा. सगळे धावून येतात. सूज येते, नको तिथं नव्या कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या पाझरतात आणि मधली नजर जाते. कुणाचं जास्त बिघडतं, कुणाचं कमी, आणि असं का, ते अजून पुरतं कळलेलं नाही.

आत्या म्हणाली, "म्हंजी हाळी."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, डोंगरात संकट आलं की एका वाडीवरनं दुसरीला ओरडून बोलावतात, ती हाळी.

"आमी भाताच्या रोपासाठी पालापाचोळ्याचा राब जाळतो," आत्या सांगायला लागली, आणि ती सांगायला लागली की बाहेरची रांग देवाच्या भरवशावर. "एकदा ठिणगी गवतात गेली. ह्यांनी हाळी दिली. जाळ इझला, पर हाळी काय थांबंना. ह्या वाडीनं त्या वाडीला, त्या वाडीनं पल्याडच्या वाडीला. माणसं येतायत, येतायत. जाळानं माजं काय न्हाई गेलं, बाई. इझवाया आलेल्यांनी वाळत घातलेल्या कुरडया तुडवल्या."

"जवळजवळ तसंच," डॉक्टरीणबाई हसल्या. "नव्या वाहिन्या फुटाव्यात म्हणून जो निरोप जातो, तो हे इंजेक्शन अडवतं. दर महिन्याला घ्यायचं. डोळ्यात."

"डोळ्यात सुई?" आत्या उठलीच. "हाळी आपसूक थांबंल की. माणसं काय जलमभर उभी ऱ्हात्यात व्हय?"

माझं डोकं फिरलं. मी तिथंच, बाहेरच्या पेशंटांना ऐकू जाईल असं, तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. माझ्या तोंडाळपणाबद्दल तिनं पूर्वी जे सांगितलं होतं त्याची तिथं खात्री पटली असेल. ती शांतपणे ऐकून घेऊन डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "सुई घेतली तर माणसाचं त्वांड दिसाया ऱ्हाईल का?"

"डावा गेला तो गेला, आजी. उजवा राखायचा प्रयत्न करू. खात्री देत नाही."

आत्या परत खुर्चीवर बसली.

पहिल्या इंजेक्शननंतर घरी पाहुण्यांची रीघ लागली. माझी भावजय प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून काढा घेऊन आली, तर आत्या म्हणाली, "नगं बाई, आदीच लई माणसं जमल्यात." आम्ही महिन्याच्या महिन्याला पुण्याला जात राहिलो. काही महिन्यांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजवा टिकलाय, पुढं किती टिकेल ते बघत राहू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं अंगणात उन्हात स्टूल मांडलं आणि घरातल्या एकेकाला बोलावून त्यावर बसवायला सुरुवात केली. आधी मामा, मग माझा भाऊ, मग भाचा. माझी पाळी आली तेव्हा गॅसवर दूध होतं. म्हटलं, काय खूळ आहे हे. तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"हलू नगंस. बघून ठिवती. उद्या ह्यो डोळाबी गेला तर आटवाया पायजे."

दूध उतू गेल्याचा वास आला. मी उठले नाही. मला रडू आवरेना.

"रडू नगंस," आत्या म्हणाली, "नाक लाल व्हतंय. तसलं न्हाई ठिवायचं मला."