न वाजणारी स्टील गिटार

“आमच्या क्लबात वादक गेला की वर्षभर त्याचा सोलो कोणी वाजवत नाही. तेवढी जागा मोकळी सोडतात,” बाबा एकदा म्हणाले होते. मँचेस्टरच्या एका कंट्री म्युझिक क्लबात ते स्टील गिटार वाजवत. मी कॉलेजात होते, हसले होते. मागच्या वर्षी बाबा गेले. वर्ष पुरं व्हायला आठवडा उरला, तेव्हा लेकीला, रियाला, घेऊन त्या क्लबात जायला निघाले.

लंडनच्या हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइन, यूस्टनहून मँचेस्टरची ट्रेन (तिकीट आधी काढा, बरंच स्वस्त पडतं), पुढे ट्राम. वाटेत रियाला बाबांची लाडकी हकिगत सांगितली. इथलीच, ब्रिटनमधली जुनी, भुताखेतांची गाणी बोटीतून अमेरिकेच्या डोंगरांत गेली. शंभरेक वर्षांपूर्वी टेनेसीतल्या ब्रिस्टलमध्ये, हॅटच्या एका जुन्या गोदामात, तसली गाणी रेकॉर्ड झाली आणि कंट्री म्युझिक घरोघरी पोचलं.

“मग ते गाणी परत आला?” रियाने तिच्या मोडक्या मराठीत विचारलं.

“आली ना. आजोबांपर्यंत.”

रविवार, दुपारचे दोन. क्लबाबाहेर ऊन, आत पडदे ओढलेले. प्रवेश पाच पौंड, फक्त रोख. मांस भरून भाजलेला ‘पाय’ आणि मटार जरूर खा. काउबॉय हॅट घातलेली सत्तरीची माणसं एकदम वळली.

“त्याची मुलगी तू,” सेक्रेटरी मॉरीन म्हणाली. “चालतेस तशीच.”

स्टेजवर बाबांची स्टील गिटार, कापडाखाली. तिच्या अँपचा, म्हणजे अँप्लिफायरचा, लाल दिवा मात्र चालू.

तिसऱ्या गाण्यात सगळे वादक मध्येच थांबले. कोणी खोकलंसुद्धा नाही. फक्त जमिनीवर बुटांचा ठेका आणि अँपची बारीक घरघर. रियाने माझा हात घट्ट धरला. मग कोणी खूण न करता सगळे एकदम सुरू झाले.

मध्यंतरात फिडलवाल्या केनला विचारलं, “किती मात्रा मोजता?”

“मोजायचं कशाला, लव्ह?” (इथे कोणालाही ‘लव्ह’ म्हणतात.) “त्याचं झालं की आम्ही येतो.”

“आज लांबवलंन जरा,” मॉरीन म्हणाली. “लेक आलीये ना.”

पुढच्या रविवारी नवा वादक बसणार. नियम पक्का आहे. केनची बायको इथेच गायची. ती गेली, तेव्हा तिच्यासाठीही एक दिवस वाढवला नव्हता.

घरी आलो. फ्रिज घरघरतो, आणि जेवताना रियाचा पाय टेबलाखाली ठेका धरतो. मध्येच ती थांबते, ऐकते, पुन्हा धरते. मी विचारत नाही.

आत्ता मॉरीनला ईमेल लिहिलाय. उत्तर काय येणार ते ठाऊक आहे, तरी पाठवते: आणखी एकच रविवार द्या. मी पुढच्या रांगेत बसेन. मोजणार नाही.